शिल्लक न ठेवणारी वाटणी

नेटवर्क पूर्ण बंद पडले तर कारण बहुधा लवकर सापडते, कारण सगळ्यांचेच काम अडलेले असते आणि शोध एका जागी एकवटतो. पण प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरून लेखा विभागाचा सर्व्हर दिसतो, शेजारच्याच नव्या संगणकांवरून दिसत नाही आणि इंटरनेट मात्र दोन्हींवर सुरळीत चालते, अशा स्वरूपाचा बिघाड महिनोन्‌महिने टिकू शकतो. तो ज्याला जाणवतो त्याला आपल्याच यंत्राचा दोष वाटतो. अशा अर्धवट बिघाडांचा माग काढत गेल्यास आपण पुष्कळदा नेटवर्क उभारतानाच्या एका निर्णयापाशी येऊन थांबतो: हाती असलेला आयपी पत्त्यांचा पट्टा लहानमोठ्या सबनेटमध्ये कसा वाटला गेला. वेगवेगळ्या आकारांची सबनेट पाडण्याच्या या तंत्राला व्हेरिएबल लेंग्थ सबनेट मास्किंग, व्यवहारात व्हीएलएसएम, म्हणतात. ते तंत्र सदोष आहे असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. त्याच्याशिवाय इंटरनेट आजच्या आकाराला पोचलेच नसते. चिंता वाटते ती त्याच्या वापरात रुजलेल्या एका धारणेची. ज्या वाटणीत कमीत कमी पत्ते वाया जातात ती उत्तम वाटणी, ही ती धारणा. ज्या टंचाईतून ती जन्मली ती टंचाई बहुतेक संस्थांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये आज नाही, आणि त्या धारणेची किंमत पत्त्यांच्या हिशेबात कुठेच लिहिली जात नाही.

१९८१मध्ये आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ३२ बिटांचा पत्ता निश्चित केला तेव्हा नेटवर्कचे आकार व्यवहारात तीनच होते. क्लास सीमध्ये २५४ यंत्रे मावत, क्लास बीमध्ये ६५,५३४, तर क्लास एमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक. तीनशे संगणकांच्या संस्थेला सी अपुरा पडे आणि बी घेतला तर पासष्ट हजार पत्ते पडून राहत. ऑगस्ट १९८५मधल्या आरएफसी ९५०ने एका नेटवर्कचे पोटविभाग पाडण्याची पद्धत प्रमाणित केली, परंतु हे विभाग सारख्याच आकाराचे असावेत असे गृहीत होते. एकाच नेटवर्कमध्ये वेगवेगळे मास्क, म्हणजे पत्त्यातले सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे हे सांगणारे आकडे, वापरता येतील हे १९८७च्या आरएफसी १००९ने मान्य केले, तरी त्या काळी सर्रास वापरला जाणारा रिप हा राउटिंग प्रोटोकॉल मार्गांची माहिती देताना मास्क कळवतच नव्हता. मास्क सोबत नेणारे ओएसपीएफसारखे प्रोटोकॉल रुळले तेव्हाच असमान वाटणी खऱ्या अर्थाने शक्य झाली, आणि १९९३मध्ये सीआयडीआरने तर क्लासची संकल्पनाच निकालात काढली.

या स्थित्यंतरात एक गोष्ट मुळातून बदलली, आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिच्यापासून निघतात. क्लासच्या व्यवस्थेत नेटवर्कची सीमा पत्त्याच्या पहिल्या काही बिटांवरूनच कळत असे. आता पत्ता एकटा काहीच सांगत नाही. १०.२०.३.१५० या पत्त्याचे शेजारी कोण, हे त्या यंत्रावर भरलेल्या मास्कवरून ठरते, आणि तो मास्क प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक राउटरवर, प्रत्येक फायरवॉलच्या नियमात स्वतंत्रपणे लिहिलेला असतो. म्हणजे सबनेट ही एका ठिकाणी नोंदलेली वस्तू नसून अनेक यंत्रांनी स्वतंत्रपणे बाळगलेल्या समजुतींची एकवाक्यता आहे. ही एकवाक्यता आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा आयपीमध्ये नाही. पत्ता आणि मास्क आपोआप पुरवणाऱ्या डीएचसीपीमुळे संगणकांपुरता हा प्रश्न सौम्य होतो. परंतु प्रिंटर, कॅमेरे, वैद्यकीय उपकरणे, सर्व्हर आणि राउटर यांच्यावर पत्ता आणि मास्क अजूनही बहुधा हातानेच भरले जातात, आणि मास्क जितक्या प्रकारचे तितक्या चुकीच्या शक्यता.

एका कल्पित, पण मोजमापाने वास्तवाजवळच्या रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. त्याच्या वाट्याला १०.२०.०.०/२२ हा पट्टा (तिरप्या रेषेपुढचा आकडा म्हणजे मास्कचे बिट) आला आहे, म्हणजे १,०२४ पत्ते. वॉर्ड आणि बाह्यरुग्ण विभागात ४०० यंत्रे, प्रशासनात १८०, अतिदक्षता आणि शस्त्रक्रिया विभागांत ९०, प्रयोगशाळेत ५०, लेखा विभागात २०, आणि शाखांकडे जाणाऱ्या काही जोडण्या. पाठ्यपुस्तकी रीत अशी की मागण्या उतरत्या क्रमाने लावाव्यात आणि प्रत्येकीला पुरेल असा दोनाचा सर्वांत लहान घात द्यावा. वॉर्डांना /२३, प्रशासनाला /२४, अतिदक्षतेला १०.२०.३.०/२५, प्रयोगशाळेला १०.२०.३.१२८/२६, लेखा विभागाला १०.२०.३.१९२/२७, उरलेल्या ३२ पत्त्यांत दोन टोकांच्या जोडण्यांसाठी आठ /३० तुकडे. एकही पत्ता वाटणीबाहेर राहिला नाही. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

आता प्रयोगशाळेत नवी तपासणी यंत्रे आली आणि संख्या ५०वरून ७०वर गेली. /२६मध्ये वापरता येणारे पत्ते ६२ असल्याने तिला /२५ हवे. पण /२५ कुठूनही सुरू होत नाही. पत्त्याच्या शेवटच्या भागात त्याची सीमा ० किंवा १२८ वरच पडते. ० अतिदक्षता विभागाकडे आहे, आणि १२८पासूनच्या /२५मध्ये लेखा विभाग आणि सगळ्या जोडण्या आधीच बसलेल्या आहेत. बाकीच्या चार विभागांतले रिकामे पत्ते मोजले तर ते २३० भरतात, आणि प्रयोगशाळेला कमी पडतात आठ. त्यांपैकी एकही तिला घेता येत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी सीमेच्या आत आहे. शेतजमिनीचे तुकडे पडून प्रत्येक तुकडा कसण्यास निरुपयोगी होऊ नये म्हणून १९४७मध्ये तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. तिथे निदान दोन शेजारी संमतीने बांध सरकवू शकतात. इथे बांध बिटांच्या गणिताने जखडलेला आहे, तो एकदम दुपटीने किंवा निम्म्यानेच सरकतो, आणि शेजारी कोण असावा हेही तेच गणित ठरवते.

या कोंडीत शास्त्रशुद्ध उत्तर एकच असते: लेखा विभागाला आणि जोडण्यांना नवे पत्ते देऊन १२८ ते २५५ हा भाग मोकळा करणे. ते काम रात्रीचे, अनेक यंत्रांना हात लावणारे आणि शाखांशी संपर्क तोडणारे असल्यामुळे पुढे ढकलले जाते. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या नव्या यंत्रांवर मास्क /२५ भरला जातो, या समजुतीने की मास्क मोठा केला की जागा मोठी होते. इथून अर्धवट बिघाडाची यंत्रणा सुरू होते. १०.२०.३.१५० या नव्या यंत्राला आता १०.२०.३.२०० हा लेखा विभागाचा सर्व्हर आपल्याच सबनेटमधला शेजारी वाटतो. त्यामुळे ते आपले पॅकेट गेटवेकडे देत नाही. स्वतःच्या विभागात एआरपीची हाक देऊन त्या सर्व्हरचा हार्डवेअर पत्ता विचारते. सर्व्हर दुसऱ्या विभागात असल्याने हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. लेखा विभागाच्या बाजूने पाठवलेले पॅकेट मात्र राउटरमार्गे प्रयोगशाळेत नीट पोचते, त्याचे उत्तरच परत येत नाही. बाकी जगाशी त्या यंत्राचा संवाद निर्दोष असतो. तपासणारा माणूस बाहेरच्या पत्त्यावर पिंग करतो, ते चालते, आणि तो नेटवर्क ठीक असल्याचा निर्वाळा देऊन जातो.

याहून अधिक काळजी करावी अशी स्थिती म्हणजे बिघाड न दिसणे. काही राउटरांवर प्रॉक्सी एआरपी ही सोय चालू असते; दुसऱ्या सबनेटमधल्या यंत्रासाठी दिलेली हाक ऐकून राउटर त्याच्या वतीने स्वतःचाच हार्डवेअर पत्ता देतो आणि पॅकेट पुढे पोचवतो. मग चुकीचा मास्क असूनही सगळे चालते. चूक वर्षानुवर्षे तशीच राहते, तिच्या आधाराने आणखी यंत्रे बसवली जातात, आणि जुना राउटर बदलून नवा आणला, ज्यावर सुरक्षेच्या कारणाने ही सोय बंद ठेवलेली आहे, की एका दिवसात अनेक विभाग एकमेकांना दिसेनासे होतात. दोष अर्थातच नव्या राउटरवर येतो.

हीच अडचण सुरक्षेच्या नियमांत वेगळ्या रूपाने उतरते, आणि माझ्या मते तिथे ती सर्वांत घातक ठरते. फायरवॉलचा नियम बहुधा प्रीफिक्सच्या, म्हणजे पट्टा आणि त्याच्या मास्कच्या, भाषेत लिहिला जातो. एखाद्या विभागाची यंत्रे एका सलग, सीमाबद्ध पट्ट्यात असतील तर एक ओळ पुरते. विभाग वाढून दोनतीन विखुरलेल्या तुकड्यांत पसरला की तितक्या ओळी लागतात, पुढच्या वाढीत आणखी एक, आणि कधीतरी कोणीतरी या सगळ्यांना कवेत घेणारी एक मोठी ओळ लिहून नियमावली आटोपशीर करते. आपल्या रुग्णालयात तपासणी यंत्रांच्या पुरवठादाराला दुरून देखभाल करण्यासाठी १०.२०.३.१२८/२५ ही परवानगी दिली गेली, तर लेखा विभाग आणि शाखांकडच्या जोडण्यांची राउटर टोके त्याच परवानगीच्या आत आली. कोणीही त्यांना परवानगी देण्याचे ठरवलेले नव्हते. एका विभागात शिरलेल्या घुसखोराला दुसऱ्या विभागात जाता येऊ नये हा सबनेटने विभाग वेगळे ठेवण्यामागचा एक मुख्य हेतू असतो. काटेकोर वाटणी करताना वाढीची जागा न ठेवल्यामुळे तो हेतू कोणताही नियम न मोडता निष्फळ होतो.

राउटरच्या पातळीवर असमान वाटणीचा आणखी एक परिणाम आहे. एकाच पत्त्याला लागू पडणारे दोन मार्ग टेबलात असतील तर राउटर अधिक लांब प्रीफिक्सचा, म्हणजे अधिक लहान पट्ट्याचा मार्ग निवडतो. या नियमाशिवाय व्हीएलएसएम चालूच शकत नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की लहान तुकड्याबद्दल केलेले विधान मोठ्या पट्ट्याबद्दलच्या विधानावर, ते कोणी आणि का केले याचा विचार न होता, मात करते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी हे जगाला दिसले. यूट्यूब आपला २०८.६५.१५२.०/२२ हा पट्टा जाहीर करत होते. देशांतर्गत बंदी अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्याच्या पोटातला २०८.६५.१५३.०/२४ हा तुकडा स्वतःकडे वळवला. ती घोषणा देशाबाहेर गेली, वरच्या पुरवठादाराने ती न तपासता पुढे पाठवली, आणि जगातल्या राउटरांनी नियमानुसार लहान पट्ट्याचे ऐकले. यूट्यूबला आधी तोच /२४ आणि नंतर त्याचे दोन /२५ तुकडे जाहीर करून आपलीच वाहतूक परत मिळवावी लागली. सुमारे दोन तासांनी स्थिती पूर्ववत झाली. संस्थांतर्गत नेटवर्कमध्ये याची छोटी आवृत्ती नित्य घडते: बंद झालेल्या एका शाखेसाठी कधीकाळी लिहिलेला /२८चा स्थिर मार्ग राउटरमध्ये राहून जातो, काही वर्षांनी तो पट्टा दुसरीकडे मोठ्या सबनेटचा भाग म्हणून वापरात येतो, आणि त्यातली नेमकी सोळा पत्त्यांची एक पट्टी कुठेतरी नाहीशी होते.

तुकड्यांचा भार सामाईकही असतो. सीआयडीआरची रचना दोन्ही दिशांनी चालण्यासाठी होती: खाली गरजेप्रमाणे विभागणी, वर सलग पट्टे जोडून एकच मार्ग जाहीर करणे. जोडणी शक्य व्हावी म्हणून वाटणी सलग आणि श्रेणीबद्ध हवी. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक पत्तेवाटप पाहणाऱ्या आयानाने शेवटचे पाच /८ प्रादेशिक नोंदणी संस्थांना दिले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत ज्यात येतो त्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा अखेरच्या /८वर आला, आणि त्यानंतर तुटक पट्ट्यांची खरेदीविक्री वाढली. विभागणी चालू राहिली, जोडणी मागे पडली. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक राउटिंग टेबलाने सुमारे पाच लाख बारा हजार नोंदींची मर्यादा ओलांडली, तेव्हा तेवढीच जागा राखून ठेवलेले अनेक जुने राउटर अडखळले आणि ठिकठिकाणी सेवा खंडित झाल्या. आज त्या टेबलात नऊ लाखांहून अधिक मार्ग आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक /२४चे, कारण त्याहून लहान तुकडा बहुतेक मोठे पुरवठादार स्वीकारतच नाहीत.

सार्वजनिक पत्त्यांबाबत काटकसर करणे भागच आहे. प्रश्न असा की हीच काटकसर खासगी पट्ट्यांत का केली जाते. १९९६च्या आरएफसी १९१८ने संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या एकट्या १०.०.०.०/८मध्ये १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते आहेत. वरच्या रुग्णालयाने /२२ऐवजी /२० घेतला असता तरी त्या पट्ट्याचा ४,०९६वा भागच खर्च झाला असता. अपवाद आहेत: लाखो ग्राहकांचे पुरवठादार, किंवा प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र पत्ता देणाऱ्या मोठ्या क्लाउड व्यवस्था यांना १०/८सुद्धा अपुरा पडू शकतो. पण साखर कारखाना, सहकारी बँक, महाविद्यालय किंवा तालुक्याचे रुग्णालय यांची गणना त्यांत होत नाही.

तरीही तिथे काटकसर का होते, याचे उत्तर मला शिकवण्याच्या पद्धतीत दिसते. संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत आणि नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षांत सबनेटिंग हे उदाहरण सोडवण्याचे प्रकरण असते. एक पट्टा दिलेला, विभागवार यंत्रांची संख्या दिलेली, कमीत कमी अपव्यय करून दाखवायचा. प्रश्नातले ५० ही स्थिर संख्या असते. प्रत्यक्षातले ५० हा एका विशिष्ट दिवशी केलेला अंदाज असतो, आणि त्या अंदाजाला काळ नावाचे परिमाण असते. उदाहरणातून ते परिमाण गळल्यामुळे मोकळी ठेवलेली जागा विद्यार्थ्याला चूक वाटते. पुढे हाच विद्यार्थी आराखडा करतो तेव्हा तो चुकीचे काही करत नाही. जे उत्तर बरोबर ठरवले गेले तेच देतो.

वाढीला जागा ठेवण्याचा विचार कोणी केला नव्हता असेही नाही. एप्रिल १९९१मध्ये पॉल त्सुचिया यांनी आरएफसी १२१९मध्ये सुचवलेली पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्यांची कल्पना अशी की यंत्रांचे क्रमांक उजवीकडच्या बिटांपासून वाढवत न्यावेत आणि सबनेटचे क्रमांक डावीकडच्या बिटांपासून, आरशातल्यासारखे उलटे. म्हणजे /२४च्या पट्ट्यात पहिले सबनेट ०वर, दुसरे १२८वर, तिसरे ६४वर, चौथे १९२वर. दोन्ही बाजूंनी क्रमांक वाढत मध्याकडे येतात, मधले बिट शक्य तितका काळ न ठरलेले राहतात, आणि एखादे सबनेट वाढले तर यंत्रांचे पत्ते न बदलता फक्त मास्क बदलून काम भागते. या पद्धतीत सुरुवातीला जागा विखुरलेली आणि उधळी दिसते. तिचा हेतूच तो आहे: निर्णय पुढे ढकलण्याची मुभा विकत घेण्यासाठी पत्ते खर्च करणे. त्सुचिया यांनी हे पत्त्यांच्या खऱ्या टंचाईच्या काळात मांडले होते. विपुल खासगी पट्ट्यांत तर त्याविरुद्धचा युक्तिवाद आणखी दुबळा होतो.

क्लाउडमध्ये निर्णय पुढे ढकलण्याची ही मुभा आणखी आकुंचित होते. ॲमेझॉनच्या क्लाउडवर एकदा केलेल्या सबनेटचा आकार बदलता येत नाही, प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते सेवेसाठी राखलेले असतात, त्यामुळे सर्वांत लहान /२८मधले सोळापैकी अकराच हाती येतात, आणि पट्टे एकमेकांवर चढत असतील तर दोन नेटवर्कमध्ये पीअरिंग करता येत नाही. दोन संस्थांचे विलीनीकरण होते तेव्हा ही शेवटची अट जड जाते. दोघींनीही आपापल्या सोयीने १०/८च्या सुरुवातीचाच भाग वापरलेला असतो, आणि दोन्ही वाटण्या इतक्या गच्च असतात की कोणालाच हलायला जागा नसते. मग मध्ये पत्ते बदलणारी नॅटची भिंत उभी राहते. तात्पुरती म्हणून उभारलेली अशी भिंत पुढे काढून टाकायची तर दोन्ही बाजूंचे पत्ते बदलावे लागतात, आणि ते काम आधीच अशक्यप्राय ठरलेले असते.

आयपीव्ही६ आल्यावर ही सवय आपोआप सुटेल असा भरवसा धरता येत नाही, उलट चिन्हे दुसऱ्याच दिशेची दिसतात. १२८ बिटांच्या या व्यवस्थेत एका संस्थेला सामान्यतः /४८ मिळू शकतो, ज्यात /६४ची ६५,५३६ सबनेट होतात, आणि प्रत्येक सबनेट, त्यात दोन यंत्रे असोत वा दोन हजार, /६४चेच असावे अशी रचना आहे. आकारांचा प्रश्नच त्यातून वगळलेला आहे. मोबाइल सेवांमुळे भारत आयपीव्ही६च्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत असला तरी संस्थांच्या अंतर्गत नेटवर्कचे आराखडे आयपीव्ही४च्या उदाहरणांवर घडलेले हातच करत आहेत. पन्नास यंत्रांना एवढा अवाढव्य पट्टा देणे त्यांना पटत नाही. ते /६४चे /१२० तुकडे पाडतात. दोन राउटरांमधल्या जोडणीसाठी /१२७ वापरायला मान्यता आहे, पण यंत्रांच्या सबनेटमध्ये हे करताच स्वतःचा पत्ता स्वतः तयार करण्याची स्लॅक ही पद्धत थांबते, कारण ती शेवटचे ६४ बिट मोकळे आहेत असे धरून चालते. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६कडून एकेक पत्ता मागून घेत नाहीत. त्यांना त्या नेटवर्कवर आयपीव्ही६चा जागतिक पत्ता मिळत नाही, लॅपटॉपना मात्र मिळतो, आणि ‘आयपीव्ही६ काहींवर चालते, काहींवर नाही’ अशी तक्रार नोंदवून ते सगळीकडेच बंद केले जाते.